एकतीस जुलै

उद्यापासून मासेमारीची बंदी उठते.
आजच्या आज तीन होड्यांवर नावं टाकायचीत
आणि आजच विवरणपत्राची शेवटची तारीख.
दोन्ही एकाच दिवशी का आणलं
ते सरकारला ठाऊक, नाहीतर हर्णैच्या समुद्राला.

ताडपत्रीखाली ‘दर्याकन्या’ अर्धी सोडून
मी दापोलीची एसटी धरली.
नखांत निळा ऑइलपेंट,
पिशवीत विम्याच्या दोन पावत्या,
एक पातळ, एक जाड.

मेहेंदळेबाईंनी पातळ आधी उचलली.
स्वतः, पत्नी, मुलगा. अठरा हजार चारशे.
"हे बसतं. ऐंशी डी."
कलमालाही होडीसारखा नंबर असतो,
उगाच बरं वाटलं.
"रोख नाही ना भरलेत? रोख धरत नाहीत."
"फोनवरून," म्हटलं, आणि गेल्या सालची गोष्ट गिळली,
तांडेलाने दिलेल्या नोटा सुरमईच्या वासासकट
तशाच एजंटच्या हातावर ठेवल्या होत्या ती.

मग जाड पावती. एकतीस हजार दोनशे.
"कादिर दाऊद मिरकर, वय एकाहत्तर. हे कोण?"

ज्यांनी मला अक्षर दिलं ते.
शाळेत माझा ‘ळ’ कधी उभा राहिला नाही.
त्यांनी खडूने फळीवर काढला,
म्हणाले, वल्हं फिरतं तसा हात फिरव, दोनदा.
बारा वर्षं मी त्यांचा डबा धरला,
रंगाचा आणि जेवणाचा.
टर्पेंटाइन पिऊन पिऊन त्यांची छाती आता
डिझेल संपत आलेल्या मशीनसारखी वाजते.
कंपनीने ती छाती तीन वर्षं बाहेर ठेवलीय,
बाकीचा माणूस आत घेतलाय.

"ते ठीक. पण नातं काय?"
कायद्याच्या रकान्यात आपण, जोडीदार,
पोसायची मुलं आणि आईबाप.
"सासरे चालत नाहीत," बाई म्हणाल्या,
धीर द्यावा तशा. "सख्खा भाऊसुद्धा नाही."

कॅलक्युलेटर ओढला. बराच वेळ टकटक.
"हे बघा, जुन्या पद्धतीत वजावट मिळेल, पण वर थोडा कर बसेल.
नव्या पद्धतीत कर शून्य.
फक्त तिथे हा रकानाच नाही.
आणि तुम्ही धंदेवाले, नोकरदारांसारख्या
दरसाल इकडून तिकडे उड्या नाही मारता येत."

"म्हणजे नव्यात बायको नाही?"
"नाही."
"मुलगा?"
"नाही."
"मग तिथे कादिरभाय आणि आम्ही सारखेच."

त्या हसल्या, चष्मा पुसला.
"शून्यातून काय वजा करणार हो?
मग ही पावती आणलीत कशाला?"

काय सांगणार.
माझं कामच नावं टाकण्याचं.
पोरीचं, पिराचं, देवीचं,
बुडालेल्या भावाचं,
एकदा तर कर्ज देणाऱ्या बँक मॅनेजरचं.
मालकाला कोणी विचारत नाही, नातं काय.
वाटलं होतं, कुठल्या तरी सरकारी कागदावर
माझ्या नावाखाली एकदा यांचं यावं,
पैसे वाचोत न वाचोत.

म्हटलं, "चुकून आली."

साडेतीनच्या गाडीने परत.
बंदरात बर्फाच्या गाड्या लागलेल्या,
जाळी चढवायची घाई, शिव्या,
आणि कादिरभाय उलट्या टोपलीवर बसून
‘दर्याकन्या’कडे मान तिरपी करून.

"किती वाचले?"
"काही नाही."
ते खोकले. दोन होड्या पाण्यात लोटून होईपर्यंत खोकले.
मग, "कर किती?"
"तोही नाही."
"मग तोंड कसलं पाडून आलास?
रफार बघ, लंगडतोय.
पूस तो, ओला आहे तोवर."